सव्वा किलो मिरची आणि साठ तास

मी खोटं बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खरं असतं त्यालाच मी जरा खाऊ-पिऊ घालतो, अंगानं भरवतो आणि मग चारचौघांत आणतो. हडकुळं खरं कोणाला आवडतं?

अडतीस वर्षं मी मालगाडी चालवली. आता त्याला लोको पायलट म्हणतात. आम्ही नुसते ड्रायव्हर होतो आणि तेवढ्यावर आमचं भागत होतं. वडील नागपूरकडून रेल्वेत लागून दुर्गला आले, मी त्याच लाइनीवर घासलो, आणि रिटायर झाल्यावर भिलाईत कोहक्याला दोन खोल्या आणि एक ओटा बांधला. खोल्या कांतासाठी, म्हणजे बायकोसाठी. ओटा माझ्यासाठी.

संध्याकाळी त्या ओट्यावर गल्ली जमते. दरेकसाच्या घाटात एक वाघ माझ्या इंजिनापुढे रुळांमधून चालला होता. मी हॉर्न दिला, त्यानं मागे वळून पाहिलं आणि डाव्या बाजूला होऊन साइड दिली. ही गोष्ट इथल्या लेकरांना पाढ्यासारखी येते. डोंगरगढजवळ मे महिन्यात रूळ इतके मऊ झाले की चाकांचे ठसे उमटले आणि मागच्या गाडीचा ड्रायव्हर ते ठसे पाहून म्हणाला, 'शेषराव पुढं गेलेले दिसतात.' तीही येते. पण सगळ्यांत गाजली ती साठ तासांची.

कोळशाचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी. बिलासपूर ते नागपूर, नागपूर ते बिलासपूर, आणि परत नागपूर. साठ तास शेषरावांनी पापणीला पापणी लागू दिली नाही. कशी? दाताखाली हिरवी मिरची. डोळा जड झाला की एक चावा. गाडी उभी केली तेव्हा माझ्या असिस्टंटनं, देवीदासनं, रिकामी पिशवी उलटी करून सगळ्या स्टाफला दाखवली. सव्वा किलो मिरची!

पंचवीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो. तिनं कोणाचं काही बिघडवलं नव्हतं.

माझ्या समोरच्या घरात विष्णू राहतो. जामुलच्या सिमेंट कारखान्यात कामाला आहे. बायको लतिका घरी शिवणकाम करते. त्यांची मुलगी वैभवी. ही पोरगी माझ्या ओट्यावर सगळ्यांत पुढे बसून मोठी झाली. बाकीची लेकरं वाघाच्या गोष्टीला हसायची, ही विचारायची, "काकाजी, तेव्हा स्पीड किती होती?" चौथीत असताना तिनं जाहीर केलं की मी इंजिन चालवणार. पॉलिटेक्निक झालं, आता इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष. आणि यंदा असिस्टंट लोको पायलटच्या दोन्ही लेखी परीक्षा पास झाली. गल्लीत पेढे मी वाटले. पेपर काढणाऱ्याला मीच शिकवलं होतं, असंही एक-दोघांना सांगितलं.

आता एकच पायरी राहिली होती. कॉम्प्युटरवरची एक चाचणी असते, सगळे तिला 'सायको' म्हणतात. त्यात गणित नाही, विज्ञान नाही. पडद्यावर आकडे, बाण, ठोकळे येतात आणि जातात. डोळा किती टिकतो, ध्यान किती टिकतं, आठवण किती टिकते, एवढंच पाहतात. पाच भाग. पाचही भागांत पास व्हावंच लागतं. एकात गेलं की आधीचे सगळे मार्क चुलीत घालायचे. तारीख दोन आठवड्यांवर होती, सेंटर रायपूर. पुढची भरती कधी निघेल, ते सांगणारा ज्योतिषी अजून जन्माला यायचा आहे.

आणि एका सकाळी लतिका पदराखाली वाटी झाकून माझ्या दारात उभी राहिली.

"काकाजी, हे पाहा."

वाटीत हिरव्या मिरच्या. अर्ध्या चावलेल्या.

"चटणी करायची का?" मी विचारलं.

"वैभवीच्या टेबलावर होत्या. पुस्तकाच्या बाजूले. चावून चावून वाचून राहिली पोरगी. चार दिवस झाले, पोटाले धरून बसते. मी म्हटलं, कावून खातं वो हे? तं म्हणते, काकाजीनं साठ तास काढले, मले वीस तरी काढता आले पाहिजेत."

मी कांताकडे पाहिलं. कांता रागावली की बोलत नाही, भांडी जागच्या जागी ठेवते. त्या सकाळी तिनं अख्खं स्वयंपाकघर लावलं.

मग म्हणाली, "जा. जाऊन खरं सांगून या."

"सगळं?"

"सगळं. पानियाजोबसकट."

मी वैभवीकडे गेलो. दारात ती स्वतःच भेटली, कॉलेजला निघालेली. एका पायात तिची चप्पल, एका पायात विष्णूची.

"रविवार आहे आज," मी म्हटलं.

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "हाव का?" म्हणाली आणि परत आत गेली.

तिच्या टेबलासमोर भिंतीवर टाइमटेबल चिकटवलेलं होतं. सकाळी साडेपाचला आठवीच्या पोरांची शिकवणी. मग कॉलेज. संध्याकाळी दहावीची शिकवणी. मग प्रोजेक्ट, मग सायकोची प्रॅक्टिस. 'जेवण' या शब्दासमोर दहा मिनिटं लिहिली होती. 'झोप' लिहून त्यावर काट मारली होती, आणि काट जरा जोरात मारली होती, कागद फाटला होता. बाजूला प्रॅक्टिसचे निकाल. पहिल्या आठवड्यात पाचही भाग पास. दुसऱ्यात चार. कालच्या तारखेला दोन.

"खाली कावून येऊन राहिले वो हे?" मी विचारलं.

"मेहनत कम पड रही है, काकाजी. अजून दोन तास वाढवतो ना."

मी स्टूल ओढून बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट काही न घालता सांगितली. साठ तास कधी झालेच नाहीत. तेवढा वेळ कोणी इंजिन हातात ठेवूही देत नाही. झालं ते असं: घरी सोळा तासांची रेस्ट मिळाली होती. रेल्वेत ड्रायव्हरला ड्यूटीनंतर रेस्ट द्यावीच लागते, नियमच आहे. त्या सोळा तासांत मी डोळा मिटला नाही. मेहुण्याच्या घराचा स्लॅब पडत होता, तिथं घमेली उचलत होतो. देवीदासलाही सोबत नेलं होतं. मग कॉलमन आला. आमच्या काळी तो सायकलवर रजिस्टर घेऊन घरी यायचा आणि ड्यूटीची वर्दी द्यायचा. त्यानं विचारलं, "रेस्ट झाली का?" मी म्हटलं, "फर्स्टक्लास," आणि सही ठोकली. भर दुपारी पानियाजोब स्टेशनच्या अलीकडे सिग्नल लाल होता म्हणून गाडी उभी केली. सिग्नल कधी सुटला ते ना मला ठाऊक, ना देवीदासला. एकोणीस मिनिटं गाडी उभी. मागून गार्ड सुखराम अठ्ठावन्न डबे उन्हात चालत आला, इंजिनात चढला, तर आम्ही दोघंही घोरत होतो. मला दोन महिने परत शिकायला पाठवलं. गल्लीत मी सांगितलं, शिकवायला बोलावलंय.

वैभवीनं सगळं शांतपणे ऐकलं. मग हसली.

"काकाजी, मस्त होती. नई बनाई क्या? आईनं सांगितलं असन तुमाले, पोरीले झोपव म्हणून."

"अवो, खरं आहे हे!"

"वाघानं साइड दिली ते बी खरंच होतं ना?"

घ्या. सत्तरी ओलांडल्यावर एकदा खरं बोललो, तर ही गत.

मग मी देवीदासला फोन केला. तो खुर्सीपारला राहतो. उंच, वाळका, दिवसातून मोजून वीस वाक्यं बोलणारा माणूस. देवीदास बोलला की खरंच असतं, असा त्याचा लौकिक आहे, आणि त्या लौकिकावरच माझ्या अर्ध्या गोष्टी उभ्या आहेत. तो स्कूटीवरून अर्ध्या तासात आला. मी वैभवीला घरी बोलावलं होतं, कांतानं चहा ठेवला होता. फक्त एक चूक झाली. कशासाठी बोलावलंय, ते देवीदासला सांगायचं राहिलं.

वैभवीनं विचारलं, "देवीदास काका, साठ तासांची गोष्ट खरी का खोटी?"

देवीदासनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खूण केली. पंचवीस वर्षं त्या खुणेचा एकच अर्थ होता.

"खरी," तो म्हणाला. चहाचा घोट घेतला. "साठ बी नाही. बासष्ट."

कांतानं गाळणं स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटलं. "देवीदास भाऊ! त्या मिरच्या खाऊन खाऊन पोरीचं पोट जळून राहिलं. यांची लाज झाकाले तुमी आणखी दोन तास वाढवून राहिले? आता खरं नाही सांगितलं तं या घरचा चहा बंद."

देवीदासच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं कप खाली ठेवला आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "पानियाजोब. एकोणीस मिनिटं."

वैभवी सरळ बसली. पोरगी हुशार. मी तिला जे सांगितलं ते देवीदासनं ऐकलेलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं वकिलासारखे प्रश्न सुरू केले.

"इंजिनात कोण चढलं?"

"सुखराम गार्ड."

"किती डबे चालून?"

"अठ्ठावन्न. येता येता मोजत आला म्हणे. रागाने."

"आदल्या दिवशी तुम्ही कुठं होते?"

"याच्या मेहुण्याच्या स्लॅबवर. जेवाले बी साधं वरण-भात दिला होता त्यानं."

हा वरण-भात मला आठवत नव्हता, पण खरा होता. वैभवीचं तोंड उतरलं. तिला पटलं, आणि पटल्याचा आनंद काही झाला नाही. खालच्या मानेनं म्हणाली, "मी चौथीपासून याच गोष्टीवर चालून राहिली होती, काकाजी. थकली की मनात म्हणायची, एक माणूस साठ तास जागू शकतो."

मला अडतीस वर्षांत कोणत्याही साहेबानं इतकं झापलं नव्हतं.

कांता तिच्यासमोर खाली बसली. कांता शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. पण रेल्वेचे नियम आमच्या घरात माझ्यापेक्षा तिनं जास्त पाळले. ती म्हणाली, "तुले काय व्हायचं आहे वो?"

"ड्रायव्हर."

"मग ऐक. ड्रायव्हरचं काम दोन असते. एक गाडी चालवायची. दुसरं, झोपायचं. दोन्ही ड्यूटीच. दुसरं नाही केलं तं पहिलं कोणी हातात देत नाही. रेस्ट झाली नसन तं कॉलमनच्या रजिस्टरमध्ये लिहून द्यायचं, 'अंडर रेस्ट'. साहेब असो नाही तं साहेबाचा बाप असो, इंजिन दुसऱ्याले जाते. तू तीन महिने झाले पहिल्या कामाचा अभ्यास करून राहिली. दुसऱ्याचा एक दिवस तरी केला का? अर्धा सिलेबस सोडून परीक्षेले चालली तू."

 'सिलेबस' हा शब्द वैभवीला लागला, ते दिसलं.

"पण टाइम कुठून आणू, काकी? शिकवणी आहे. प्रोजेक्ट आहे. दिवसभर फोन येतात. मावशीचे, कॉलेजचे, पोरांच्या आयांचे. नाही म्हटलं तं लोकाले राग येते."

"नाही म्हणायचं काम यांच्याकडे दे," कांतानं माझ्याकडे बोट केलं. "तसंही रिकामे आहेत."

त्याच संध्याकाळपासून मी कॉलमन झालो. जुनी वही घेतली, ओट्यावर बसलो. वैभवीकडे काम असेल त्यानं आधी माझ्याकडे यायचं. काय काम, किती वेळाचं, उद्या केलं तर काय जळेल, असे तीन प्रश्न. तिच्या मावशीला ब्लाऊजचं माप द्यायला सोबत पाहिजे होती. कॉलेजच्या चंदन नावाच्या पोराला पोस्टर रंगवायचं होतं. तो म्हणाला, "दादाजी, अर्जेंट है." मी म्हटलं, "अर्जेंट असेल तर मीच रंगवतो, चल." तो गेला तो परत आला नाही. चारपैकी तीन कामं ओट्यावरच मेली. चौथं खरंच गरजेचं होतं, ते आत जाऊ दिलं.

दहावीची शिकवणी देवीदासनं घेतली. तो कमी बोलायचा, त्यामुळं पोरांना स्वतःच गणितं सोडवावी लागली, आणि पुष्कळांना यायला लागली. आठवीची माझ्याकडे आली. मी वेग आणि अंतर शिकवलं. वाघ ताशी सहा किलोमीटरनं चालतो आणि इंजिन ताशी चाळीसनं येतंय, तर वाघाला साइड द्यायला किती वेळ आहे? रश्मी नावाची एक मुलगी म्हणाली, "आजोबा, वाघाची उडी धरायची का?" ही पोरगी पुढं जाणार. एकानं साठ तासांची गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरला. मी कांताकडे पाहिलं आणि म्हणालो, ती बंद झाली, आता पानियाजोबची ऐका. सांगितली. मात्र सांगता सांगता एकोणीस मिनिटांची एकोणचाळीस झाली आणि सुखरामला चालायला शंभर डबे लागले. माणूस एकदम किती बदलणार?

आणि कांतानं काय केलं, तर विष्णूच्या दाराच्या कडीला लाल गमछा बांधला. आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ही रीतच होती. कडीला गमछा म्हणजे आत ड्रायव्हर झोपलाय. भाजीवाला तिथं ओरडायचा नाही, पोरं तिथं चेंडू खेळायची नाहीत, आणि कडी वाजवणाऱ्याची क्वार्टरांची अख्खी ओळ खबर घ्यायची. कोहक्यात कोणाला हे ठाऊक नव्हतं. कांतानं दोन दिवसांत घरोघरी जाऊन ठाऊक करून दिलं. भंगारवालासुद्धा गल्लीच्या तोंडाशीच भोंगा बंद करायला लागला.

इथं गोष्ट मार्गाला लागायला हवी होती. पण तिसऱ्या दिवशी वैभवी लाल डोळ्यांनी आमच्याकडे आली आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

"दोन दिवस आठ-आठ तास झोपली. टेस्ट दिली. एकच भाग पास! पहिले दोन तरी होते. बारा दिवस राहिले, काकी, और मैं सो रही हूँ!"

मी काही तरी गोष्ट सांगून वेळ मारून नेणार होतो. कांतानं मला थांबवलं.

"डोकं जड वाटून राहिलं ना? अंग मोडून राहिलं?"

"हाव. पहिल्यापेक्षा जास्त."

"यांचं बी असंच व्हायचं. लय दिवसांची थकलेली गाय खाली बसली की लगेच उठते का? शरीराले आता कुठं समजलं की ते थकलं होतं. आणखी चार दिवस दे. नाही आले मार्क तं तू तुझ्या मिरच्या खा, मीच आणून देईन."

वैभवीनं चार दिवस दिले. मनापासून नाही, कुरकुरत दिले. एकदा दुपारी गमछ्याआड मोबाइल घेऊन प्रॅक्टिस करताना लतिकानं पकडलं. तेव्हा देवीदास त्या महिन्यातलं आपलं सगळ्यांत लांब वाक्य बोलला. तो म्हणाला, "इंजिनात मी सिग्नल मोठ्यानं सांगायचो, शेषराव तेच परत मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे डोळ्याले आणि तोंडाले दोघालेही जागं राहावं लागायचं, तसं बोलून कर, आणि तीन चुका झाल्या की त्याच घडीले बंद कर, कारण चौथ्या चुकीनंतर माणूस प्रॅक्टिस करत नाही, चुकायची सवय लावून घेते."

वैभवीनं ते कागदावर लिहून टाइमटेबलच्या वर लावलं. तीन चुका, बंद. पहिल्या दिवशी सात मिनिटांत बंद करावं लागलं. दुसऱ्या दिवशी वीस. बंद केल्यावर काय करायचं, हे तिला कळेना, इतक्या दिवसांची सवय गेलेली. मग ती आईजवळ बसून काजं-बटणं करायला लागली. विष्णू ड्यूटीवरून आला की दोघं मिळून जेवायला लागली. विष्णू मला म्हणाला, "काकाजी, पोरीनं मले विचारलं, बाबा, आज कारखान्यात काय झालं? वर्षभरानं विचारलं." आणि डोळे पुसत उगीच सिमेंटच्या धुळीला नाव ठेवलं.

पाचव्या दिवशी तीन भाग पास. आठव्या दिवशी चार. एक भाग मात्र हलेना. आकड्यांच्या लांब ओळी, त्यांतून एक आकडा वेचायचा. तिथं ती दर वेळी दोन-तीन मार्कांनी राहायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटच्या टेस्टमध्येही राहिली.

संध्याकाळी ती ओट्यावर आली. मला वाटलं, आता रडेल. किंवा म्हणेल, आज जागतो, एकच दिवस. तिनंही तेच मनात आणलं असणार, कारण तिची नजर सारखी समोरच्या आपल्या खिडकीकडे जात होती.

शेवटी म्हणाली, "काकाजी, वही द्या."

मी कॉलमनची वही दिली. तिनं तारीख टाकली, सही केली आणि वर लिहिलं, 'अंडर रेस्ट'. मग घरी जाऊन साडेनऊला झोपली. मी मात्र पहाटेपर्यंत कुशीवर कुशी बदलत होतो. रेस्टचे सगळे नियम मीच मोडले.

सकाळी आम्ही चौघं रायपूरला गेलो: ती, लतिका, कांता आणि मी. विष्णूची ड्यूटी होती. गाडीत सगळी पोरं मोबाइलवर मान घालून शेवटची प्रॅक्टिस करत होती. वैभवी खिडकीतून बाहेर पाहत होती आणि प्रत्येक सिग्नल हळूच बोलत होती, "हिरवा. पिवळा. हिरवा." समोरची बाई लतिकाला म्हणाली, "बेटी की तबियत ठीक है ना?"

अडीच तासांनी ती सेंटरमधून बाहेर आली. तोंडावरून काही कळेना. आम्ही तिघं उभे राहिलो.

"तो आकड्यांचा भाग?" मी विचारलं.

"मधातच डोळ्यापुढं सगळे आकडे एकसारखे दिसाले लागले. पहिले मी घाबरून आणखी जोरानं करत होती. आज हात थांबवला. डोळे मिटले. दोन श्वास घेतले. मग परत सुरू केलं. शेवटच्या चार ओळी राहून गेल्या, काकाजी. पण ज्या केल्या त्या बरोबर आहेत." मग कांताकडे वळली. "काकी, भूक लागली. लय."

स्टेशनबाहेर तिनं चार समोसे खाल्ले. हिरवी चटणी मात्र बाजूला सारली.

निकालाला दीड महिना लागला. त्या काळात तिनं शिकवण्या परत घेतल्या, पण सकाळची एकच ठेवली. दहावीची पोरं देवीदासला सोडेनात. प्रोजेक्ट पूर्ण झाला, पोस्टर चंदननंच रंगवलं. आणि दुपारी जेवल्यावर अर्धा-पाऊण तास झोपायची सवय तिनं ठेवली. गमछ्याची आता गरज नव्हती. लतिका शिवणाचं मशीन त्या वेळात आपसूकच थांबवायची.

निकाल लागला तो नेमका तशाच एका दुपारी. देवीदासच्या शिकवणीतल्या कोणा पोरानं आधी पाहिला, त्यानं देवीदासला सांगितलं, देवीदासनं मला. फोनवर तो फक्त "पाचही" म्हणाला. मी रस्ता ओलांडून धावलो. माझ्या वयात आणि माझ्या गुडघ्यांनी रस्ता ओलांडणं म्हणजे धावणंच. दारात लतिका मेथी निवडत बसली होती. मी सांगितलं. तिच्या हातातली जुडी खाली पडली. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले, रडली, हसली, आणि मी आत शिरायला लागलो तर पाय आडवा घातला.

"झोपली आहे जी. आताच डोळा लागला तिचा."

"अवो, निकाल आहे!"

"निकाल पळून चालला का? अर्ध्या तासानं सांगू."

मी गप्प राहायचा माणूस नाही, हे आता सांगायला नको. दहा मिनिटांत सगळ्या गल्लीला कळलं. पण कळलं तरी आवाज कोणी काढेना. कांता पेढे घेऊन आली, चपला हातात घेऊन. मावशी ऑटो लांब थांबवून पायी आली. विष्णू कारखान्यातून आला आणि मोटारसायकल गल्लीच्या तोंडापासून ढकलत आणली. देवीदास खुर्सीपारहून आला, त्याच्यामागे दहावीची सगळी बॅच. कोणी पायरीवर बसलं, कोणी जमिनीवर, कोणी भिंतीला टेकलं. पंचवीस-तीस माणसं खाली माना घालून हसू दाबत बसलेली. आनंद गिळून धरायला इतकं जड जातं, हे मला ठाऊक नव्हतं.

पाऊण तासानं आत कडी वाजली. वैभवी दारात आली, केस विस्कटलेले, गालावर उशीच्या अभ्र्याची वळं उमटलेली. तिनं डोळे चोळले. दारापुढं मूक बसलेली गल्ली पाहिली, बाप भरदिवसा घरी पाहिला, लतिकाचे रडून लाल झालेले डोळे पाहिले, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई," ती कसंबसं म्हणाली, "कोण गेलं वो?"

मग जो हशा फुटला, तो जामुलपर्यंत ऐकू गेला. हे मी वाढवून सांगत नाही. सगळे एकदम बोलायला लागले, पोरं नाचायला लागली, विष्णू पेढा हातात धरून नुसता उभा राहिला, आणि कोण काय म्हणतंय ते तिला कळेना. मी सांगायला तोंड उघडलं, पण कांतानं मला मागे सारलं आणि तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला.

"पहिले तोंड धुऊन ये," ती म्हणाली. "मग सांगतो."